रस्त्यावरून चालणाऱ्याची संमती

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर थोरल्या मामांनी एक लांबलचक मजकूर पाठवला. मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी त्यातले शुद्धलेखन तरी तपासतात. म्हणूनच तो त्यांच्याकडून आल्याचे मला अधिक वाईट वाटले. त्याचा आशय असा: उदारमतवादाचा जनक, सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानेच सांगून ठेवले आहे की, जो देशाच्या रस्त्यावरून चालतो त्याने तेथील सरकारला संमती दिलेलीच असते, म्हणून त्याला सरकारविरुद्ध तोंड उघडण्याचा अधिकार नाही आणि पटत नसेल तर त्याने देश सोडावा, समाजात येताना माणूस आपले सगळे नैसर्गिक हक्क शासनाच्या स्वाधीन करतो, लॉकने आपले पुस्तक इंग्लंडमधील १६८८च्या सत्तांतरानंतर नव्या राजाची भलामण करण्यासाठी लिहिले, आणि शेवटी, तो स्वतः गुलामांच्या व्यापारात भागीदार होता, तेव्हा त्याच्या हक्कांच्या गप्पांना किंमत ती काय द्यायची? पहिल्या ओळीत ज्याला जनक म्हटले त्यालाच शेवटच्या ओळीत ढोंगी ठरवताना लिहिणाऱ्याला काही अडचण वाटलेली दिसत नाही.

रस्त्याचा मुद्दा आधी घेते, कारण खरा विखार तिथे आहे आणि दुर्दैवाने अर्धे सत्यही तिथेच आहे. लॉकचे ते पुस्तक म्हणजे शासनसंस्थेवरील दोन प्रबंध; त्यातल्या दुसऱ्याच्या ११९व्या परिच्छेदात तो म्हणतो की, राज्याच्या प्रदेशाचा जो कोणी उपभोग घेतो, मग ती पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन असो, आठवडाभराचा मुक्काम असो किंवा हमरस्त्यावरून नुसते मोकळेपणी जाणे असो, तो आपली मूक संमती देत असतो. मजकूरकर्त्याने बहुधा इथेच पुस्तक मिटले. त्याच वाक्यात असेही आहे की, या संमतीने तो त्या राज्याचे कायदे पाळण्यास बांधला जातो, आणि तेही तो उपभोग चालू असेपर्यंतच. रस्त्यावरून जाणाऱ्याने त्या रस्त्यावर वाटमारी करू नये, एवढाच याचा अर्थ. राजाच्या प्रत्येक हुकुमाला त्याने मान डोलवावी, हा नव्हे. तीनच परिच्छेद पुढे, १२२व्यात, लॉक स्पष्ट सांगतो की, एखाद्या देशाचे कायदे पाळून तिथे निमूटपणे राहिल्याने माणूस त्या समाजाचा घटक होत नाही, जसे दुसऱ्याच्या घरी सोयीसाठी काही दिवस राहिल्याने कोणी त्या घरधन्याचा ताबेदार होत नाही. घटक होण्यासाठी उघड वचन आणि करार लागतो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की मूक संमती म्हटली की आपण ती सरसकट सगळ्याला लावून टाकतो. लॉकने तिचा पल्ला मुद्दाम आखूड ठेवला होता.

‘पटत नसेल तर देश सोडा’ हे तर सरळ उलटे वाचन आहे. १२१व्या परिच्छेदात लॉक म्हणतो की, ज्याने केवळ मूक संमती दिली आहे तो आपली मालमत्ता देऊन किंवा विकून दुसऱ्या कोणत्याही राज्यात सामील होण्यास मोकळा आहे. जाण्याची मुभा हे माणसाचे स्वातंत्र्य म्हणून सांगितलेले आहे. टीका करणाऱ्याला फर्मावलेली शिक्षा म्हणून नव्हे. मूक संमतीची ही कल्पना मुळातच लंगडी आहे, हे मात्र मला मान्य करावे लागते. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८च्या निबंधात तिची पार सालटी काढली: परकी भाषा आणि चालीरीती न जाणणाऱ्या, हातावर पोट असलेल्या शेतकऱ्याला देश सोडण्याचा पर्याय आहे असे म्हणणे म्हणजे झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने, समुद्रात उडी घेतली नाही म्हणून, कप्तानाची सत्ता राजीखुशीने स्वीकारली असे म्हणण्यासारखेच आहे. पण या लंगडेपणाचा फायदा मजकूरकर्त्याला कसा मिळावा? संमतीच शंकास्पद ठरली, तर तिच्या आधाराने गप्प बसवण्याचा अधिकार आणखीच शंकास्पद ठरतो. परिच्छेद ११९ ते १२२ मराठीत उतरवून मी त्याच गटावर टाकले आहेत.

सगळे हक्क स्वाधीन करण्याची गोष्ट फार तर लॉकच्या आधीचा इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याच्या दाराशी नेता येईल, आणि त्यानेही १६५१च्या ‘लेव्हायथन’मध्ये जिवावर उठलेल्याचा प्रतिकार करण्याचा हक्क माणसाकडेच ठेवला होता. लॉकचा युक्तिवाद साधा आहे: स्वतःच्या जिवावर मनमानी करण्याची सत्ता माणसाकडेच नाही, तर ती तो दुसऱ्याला देणार कुठून? रानमांजरे आणि कोल्हे यांच्या उपद्रवापासून जपणारी माणसे सिंहाने खाऊन टाकण्यात सुरक्षितता मानतील इतकी मूर्ख असतात काय, असे तो विचारतो. विधिमंडळाची सत्ता त्याच्या लेखी विश्वस्ताची आहे. विश्वास मोडला की ती लोकांकडे परत येते.

राजाच्या भलामणीचा आरोप प्रस्तावनेवरून केलेला दिसतो, आणि तिथे नवा राजा विल्यम याचे सिंहासन बळकट व्हावे असा उल्लेख आहे खरा. परंतु इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी १९६०च्या आपल्या संपादित आवृत्तीत दाखवून दिले की, पुस्तकाचा बराचसा भाग १६८८च्या कित्येक वर्षे आधीचा आहे. तो काळ असा होता की, १६८३ मध्ये राजाचा विरोधक ॲल्जर्नन सिडनी याच्याविरुद्ध त्याच्याच घरात सापडलेले, राजाच्या निरंकुश सत्तेवर टीका करणारे हस्तलिखित न्यायालयात पुरावा म्हणून मांडले गेले आणि त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला. १६८९ मध्ये पुस्तक छापले तेही निनावी, आणि ते आपले असल्याचे त्याने १७०४ मध्ये मृत्युपत्राच्या पुरवणीत कबूल केले. भाट आपले नाव असे लपवत नाहीत.

राहिली गुलामगिरी. इथे बचाव नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे समभाग होते, आणि तो अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस असताना १६६९ मध्ये जी राज्यघटना तयार झाली तिने प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला आपल्या निग्रो गुलामांवर निरंकुश सत्ता दिली. त्याच्याच पहिल्या प्रबंधाचे पहिले वाक्य सांगते की, गुलामी इतकी हीन अवस्था आहे की इंग्रज माणसाने तिची तरफदारी करावी हे कल्पनेतही येत नाही. या वाक्याने सर्वांत आधी लॉकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि त्याला तिथे उभे करायचे तर माणसाला जन्मतः हक्क असतात हे मजकूर लिहिणाऱ्याला आधी मान्य करावे लागेल.