‘कागदावर टायर मोजणारा माणूस’: टॅकोमाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टोयोटाच्या टॅकोमा पिकअपला किती उंचीचे लिफ्ट किट (गाडी जमिनीपासून उंच करणारे सुटे भाग) बसवावे आणि त्यावर कोणत्या मापाचे टायर चढवावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की २०१६ ते २०२३ या काळातल्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या टॅकोमाला पुढून २ इंच, मागून १ ते दीड इंच उंची आणि २६५/७५ आर १६ मापाचे (रुंदी २६५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १६ इंची) टायर पुरेसे आहेत, ३३ इंची टायरच्या मागे लागू नये, असे मी त्यात सुचवले होते. आपले आक्षेप असे आहेत: स्पेसरच्या, म्हणजे शॉकच्या माथ्यावर घालायच्या चकतीच्या, जाडीविषयीचे माझे वाक्य चुकीचे आहे, ॲक्सलचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या होतात ते प्रमाण) बदलण्याचा पर्याय मी विचारातच घेतला नाही, टायर घ्यायचे तर ‘ई’ लोड रेंजचेच (जास्त भार पेलणारे, जाड) घ्यावेत, डॅलसमध्ये आपण दोन वर्षे ३ इंच लिफ्ट आणि २८५/७५ आर १६ (म्हणजे जवळजवळ ३३ इंची) टायर वापरत आहात आणि आजवर काही बिघडलेले नाही, आणि शेवटी, “हा सल्ला कागदावर टायर मोजणाऱ्या माणसाचा आहे, ज्याने गाडीखाली कधी पाठ टेकलेली नाही.”

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. १ इंच जाडीच्या स्पेसरने गाडी १ इंच उचलली जाते, असे मी लिहिले होते आणि ते चूक होते. टॅकोमाच्या पुढच्या बाजूला शॉक आणि स्प्रिंगची जोडी चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या टोकाला नव्हे, तर साधारण मध्यावर टेकते. त्यामुळे तिच्या माथ्यावर पाव इंचाची चकती घातली तरी चाकापाशी सुमारे अर्ध्या इंचाचा फरक पडतो. ते वाक्य मी सुधारले आहे आणि चूक वाचकाने दाखवली अशी नोंदही तिथे केली आहे. त्याबद्दल आपले आभार. मात्र चूक दाखवताना “इतकेही ठाऊक नसेल तर लिहू नये” हे जोडण्याची काहीच आवश्यकता नव्हती.

आता शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण बाकीच्या मुद्द्यांवर मतभेद असू शकतात, पण हे वाक्य मतभेदाचे नाही. माझ्याविषयी काहीही ठाऊक नसताना आपण ते लिहिले आहे.

माझे वडील कराडहून चिपळूणला माल पोचवत असत. गूळ, साखर, कधी सिमेंट. त्यांच्याकडे १९८९ साली घेतलेली टाटा ४०७ होती आणि आठवीत असल्यापासून प्रत्येक सुट्टीत त्या गाडीखाली जाणे हे माझे ठरलेले काम होते. कमानपाट्यांच्या शॅकलना ग्रीस भरणे, यू-बोल्ट कसणे, सेंटर बोल्ट तुटला असेल तर पाटे जॅकवर तोलून धरणे, ही कामे मी गोणपाटावर पाठ टेकूनच शिकलो. एका वर्षी माल वाढला म्हणून मिस्त्रीने मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा पाटा चढवून दिला. रिकामी गाडी मागून चांगली चार बोटे उंच दिसू लागली आणि भरल्यावरही पूर्वीसारखी दबेना. दबत नाही म्हणजे पेलते आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली आणि माल आणखी वाढला. त्याच महिन्यात कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक इतके तापले, की पोफळीला पोचेपर्यंत मागच्या चाकांतून धूर येत होता आणि पेडल जवळजवळ फळीला लागत होते. मी वडिलांच्या शेजारी बसलो होतो. पाटे वाढले होते. पण ॲक्सल, ड्रम, बेअरिंग आणि चासी जुनीच होती. दुसऱ्या दिवशी वडिलांनी उभे राहून ते दोन पाटे उतरवून घेतले.

हा प्रसंग मी आठवणीसाठी सांगत नाही. टॅकोमाच्या दाराजवळच्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर छापलेले असते. माझ्या गाडीवर तो आकडा १,०४५ पौंड आहे. बाजारातले कोणतेही लिफ्ट किट बसवले तरी हा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. उलट त्यातले वापरायला उरणारे वजन कमी होते, कारण २८५/७५ आर १६ मापाचा, जाड कडांचा एकेक टायर मी स्वतः काट्यावर ठेवला तेव्हा तो कंपनीच्या टायरपेक्षा सुमारे १५ पौंड जड भरला. स्टेफनीसह पाच टायरचे ७५ पौंड होतात. आम्ही चौघे, छतावरचा तंबू, शीतपेटी आणि १० गॅलन पाणी धरले (नुसते पाणीच ८३ पौंडांचे होते) तर उरलेली जागा किती, याचा हिशोब मी लेखात मांडला होता. त्या हिशोबाविषयी आपल्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही, आणि मला सर्वांत जास्त खंत त्याचीच वाटते.

आपण ज्या रचनेची शिफारस करता ती मी स्वतः वापरली आहे, हेही लेखात होते. २०१८ च्या वसंतात डेन्व्हरजवळच्या एका दुकानातून मी पुढे ३ इंचांचे स्पेसर किट आणि २८५/७५ आर १६ टायर बसवून घेतले. वरचे आर्म बदलावे लागतील का, असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा नको असे उत्तर मिळाले. पहिल्याच दिवशी रिव्हर्समध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवले तेव्हा टायर कॅबखालच्या माउंटला (कॅब चासीला जोडणाऱ्या आधाराला) घासला. दुकानाने तो कोपरा कापून पत्रा वेल्ड करून दिला. हे काम या मापाच्या टायरसाठी नेहमीच करावे लागते, हे मला तेव्हा सांगण्यात आले, आधी नाही. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) जेमतेम एक अंश उरला होता. कॅस्टर इतका घटला की हायवेवर गाडी सरळ धरून ठेवावी लागते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन परत येत नाही. ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतला इमोजीन पास हा घाट ओलांडून आम्ही यूरे गावाला उतरलो. तो रस्ता १३,११४ फुटांवरून जातो आणि उतारभर पुढची चाके दगडांवर खाली-वर होत राहतात. गावात पोचल्यावर जळक्या ग्रीसचा वास आला. डाव्या सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या ॲक्सलच्या वाकत्या सांध्याचे) आतले रबरी बूट फाटले होते आणि ग्रीस फिरत्या ॲक्सलवरून चहूकडे उडाले होते. तिथेच, एका पंपाच्या मागच्या आवारात, मी गाडीखाली पाठ टेकली होती.

ते बूट का फाटले, हे समजून घेतले तर गाडी ३ इंच उचलणारा स्पेसर मी का टाळायला सांगतो ते कळेल. शॉकच्या माथ्यावर स्पेसर घातला की सगळी जोडी खाली ढकलली जाते. चाक हवेत लोंबते तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या हद्दीपेक्षाही खाली जाते आणि सीव्ही जॉइंट व वरचा बॉल जॉइंट त्यांच्या शेवटच्या कोनापर्यंत ओढले जातात. सपाट रस्त्यावर चाक तितके लोंबतच नाही, त्यामुळे दोष दिसत नाही. याउलट ज्या शॉकवर स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येते, त्यात शॉकची स्वतःची लांबीच चाकाला अडवते. बिल्स्टीन ५१०० हे त्याचे सर्वांना परवडणारे उदाहरण आहे. तेच शॉक, त्यांच्या जोडीला पुढच्या वजनाप्रमाणे निवडलेल्या स्प्रिंगा, मागे उंचीसाठी ठोकळे घालण्याऐवजी नवा कमानपाट्यांचा संच आणि २६५/७५ आर १६ टायर, अशी रचना मी २०१९ पासून वापरतो आहे. त्यानंतर गाडी ६८,००० मैल चालली, इमोजीन दोनदा झाला आणि एकही बूट फाटलेले नाही.

राहिला “कागद”. मी कागदावर टायर मोजले, हे खरे आहे आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काय आहे, ते मला समजत नाही. कंपनीचा २६५/७० आर १६ टायर व्यासाने ७७७ मिलिमीटर, म्हणजे ३०.६ इंच असतो. २६५/७५ आर १६ हा ८०४ मिलिमीटर, ३१.६ इंच. आपला २८५/७५ आर १६ हा ८३४ मिलिमीटर, ३२.८ इंच. मागचा ॲक्सल अखंड असल्यामुळे त्याच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून किती वर राहील हे फक्त टायरची त्रिज्या ठरवते. लिफ्ट किट ३ इंचांचे असो वा ६ इंचांचे, तो गोळा एक केसभरही वर जात नाही. म्हणजे मी सुचवलेल्या टायरने त्याच्याखाली १३ मिलिमीटर मिळतात आणि आपल्या टायरने २८. या दोहोंतला फरक १५ मिलिमीटरचा आहे, एका बोटाच्या जाडीएवढा. तेवढ्यासाठी कॅबचा माउंट कापणे, वरचे आर्म बदलणे, ७५ पौंड वाहणे, ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर वाढवणे आणि स्पीडोमीटर ६५ दाखवत असताना प्रत्यक्षात जवळजवळ ७० मैलांनी जाणे, हे सगळे पत्करायचे का, एवढाच माझा प्रश्न होता. हे आकडे मी कागदावर मांडले आणि मग टेप घेऊन गाडीखाली जाऊन ताडूनही पाहिले. आपल्याला यातला एखादा आकडा चुकीचा वाटत असेल तर तो आकडा सांगावा. माणसाविषयी बोलू नये.

डॅलसमधला आपला दोन वर्षांचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो डॅलसचा आहे, इतकेच म्हणतो. ते शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे फुटांवर आहे आणि आपण स्वतःच लिहिले आहे, की गाडी प्रामुख्याने ऑफिस आणि तळ्यापर्यंत जाते. आम्ही राहतो तिथूनच ५,२८० फुटांवर सुरुवात होते आणि आय-७० महामार्गावरचा आयझनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावते. त्या चढावर टॅकोमाचे ३.५ लिटरचे व्ही-६ इंजिन तीन-दशांश ताकदीला मुकलेले असते आणि मोठ्या टायरमुळे ३.९१ चा गिअर रेशो ३.६५ असल्यासारखा वागतो. गिअरबॉक्स पाचव्यातून चौथ्यात आणि पुन्हा पाचव्यात असा घुटमळत राहतो. लेख मी कोलोरॅडोत आणि आसपास डोंगरात जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी लिहिला होता, तसे पहिल्या परिच्छेदातच म्हटले होते, आणि तो परिच्छेद वाचण्याचे कष्ट आपण घेतले असते तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

गिअर रेशो बदलून ही अडचण दूर होते, हे आपले म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे आणि मागचे असे दोन्ही डिफरन्शियल उघडावे लागतात आणि माझा लेख टायर व लिफ्टविषयी होता. त्यावर इथे अधिक लिहीत नाही. ‘ई’ लोड रेंजच्या टायरविषयीही तेच. टोकदार दगडांवर कडा फाटू नये म्हणून त्यांचा उपयोग आहे, ज्यांना तसे रस्ते रोज लागत नाहीत त्यांना ते उगाच कडक आणि जड पडतात.

आपण पुन्हा लिहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लिहिण्यापूर्वी एक करावे. प्रवासाला निघताना असते तितके सामान आणि घरची माणसे घेऊन ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी उभी करावी आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलवरचे दोन्ही आकडे, दारावरच्या पट्टीवरच्या आकड्यासह कळवावेत. माझ्या गाडीचे आकडे, अलाइनमेंटचा २०१८ चा कागद आणि आत्ताचा कागद मी मूळ लेखाखाली जोडले आहेत. आत्ताच्या कागदावर कॅस्टर ३.१ अंश आहे.