पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी आज चालवू नका

नमस्कार साहेब,

तुमच्या १९९६च्या मारुती एस्टीमला आम्ही नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या मॉडेलची पेट्रोल टाकी बसवली, त्या कामाला तुम्ही एक स्टार दिलाय. काटा चुकीचा दाखवतो, चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं, बिल साडेचार हजारांनी वाढलं, पंपावर नोझल सारखं कट होतं, असं लिहिलंय. आणि अगदी शेवटी, टाकी फुल केली की मागच्या सीटवर वास येतो.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो, कारण ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. वास आणि नोझल कट होणं, दोन्हीचं मूळ बहुतेक एकच आहे. पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा ज्या बारीक पाइपातून बाहेर पडते, तो पेट्रोल भरायच्या नळकांड्याजवळ मुडपला असेल आणि क्लिपमधून सरकला असेल. तो जोड माझ्याच गॅरेजमध्ये झालाय. चूक आमची.

काट्याचंही तसंच. तुमचा मीटर जुन्या फ्लोटसाठी, म्हणजे टाकीत तरंगून पातळी सांगणाऱ्या भागासाठी बनलेला, नव्या टाकीतल्या फ्लोटचा रेझिस्टन्स वेगळा. मी हे तोंडी बोललो होतो, बिलावर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. मीटरला जुळेल असा फ्लोट बसवून देतो.

वाढलेले पैसे नवा पंप आणि प्रेशरच्या पाइपाचे आहेत. कार्बोरेटरचा, म्हणजे जुन्या इंजिनात पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचा रबरी पाइप एवढ्या प्रेशरला चालत नाही. पण आधी फोन करायला हवा होता, हे कबूल. उशीर झाला तो सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पोरं सुट्टीवर होती म्हणून. तेही तुम्हाला आधी कळवायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. जुनीच टाकी ठेवून बाहेरून पंप लावला असता तर स्वस्तात झालं असतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. गाडी चालली असती, खरं आहे. पण तुमच्या गाडीत आता ६५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या जागी ८५ हॉर्सपॉवरचं एमपीएफआय इंजिन आहे. कार्बोरेटरच्या कटोरीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, त्यामुळे वळणावर टाकीतलं पेट्रोल एका कडेला गेलं तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंजेक्टरला तशी शिल्लक नाही. त्याला अडीच-तीन किलोचं प्रेशर सतत लागतं. पंपाने क्षणभर हवा ओढली की प्रेशर पडतं, आणि फुल ॲक्सिलरेटरवर पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन भाजतो. इंजेक्शनच्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल अडवून धरणारा आडोसा असतो, शिवाय पंप पेट्रोलात बुडालेला असल्यामुळे थंड राहतो. आपल्याकडच्या मे महिन्यात याची किंमत कळते. तुमची गाडी पाव टाकीवर तुळजापूरच्या घाटात मी स्वतः तीनदा चढवली. प्रेशर गेज वायपरला बांधलं होतं, काचेतून बघत होतो. काटा एकदाही पडला नाही.

तुमची जुनी टाकी अजून माझ्याकडे आहे, कापून ठेवलीय. तळाला चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ बसलाय. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी खाली बसून पत्रा खातं. वेल्डिंग मारून द्या म्हणालात तेव्हा मी नाही म्हटलं, कारण रिकामी दिसणारी टाकीसुद्धा आतल्या वाफेने फुटते, आणि तिच्यासमोर माझी पोरं बसतात.

आता कृपा करून गाडीला किल्ली लावू नका. बंद शेडमध्ये असेल तर चार जणांनी ढकलून मोकळ्यावर आणा, जवळ कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका. टोइंग मी पाठवतो, त्याचे आणि पाइपाचे, काट्याचे पैसे लागणार नाहीत. बिलावरचा माझा नंबर रात्रीही सुरू असतो, जुळे सोलापुरात घरी असलात तर तासाभरात माणूस पोचेल.