गोळी दोन औषधांची आहे, दोन दिवसांची नाही

माझी मावशी काळाचौकीच्या चाळीत राहते. वय ६८. गेल्या वर्षीपासून तिला रक्तदाबासाठी दोन औषधं एकत्र असलेली गोळी आहे: टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. जूनमध्ये तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर 'बीपीच्या कॉम्बिनेशन गोळीचं सत्य' नावाचा एक मेसेज आला आणि तिने तो मनावर घेतला. पुढे तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला, शेजारच्या काकांकडे आला. मी फार्मसी शिकले आहे आणि बारा वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे. आता काउंटरवर येऊन लोक मलाच तो वाचून दाखवतात.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एका गोळीत दोन औषधं म्हणजे दुप्पट विष. दोन औषधं असल्यामुळे ही गोळी दोन दिवस पुरते, म्हणून एक दिवसाआड घ्यावी किंवा अर्धी करून घ्यावी. सरकारने अशा ३४४ गोळ्यांवर बंदी घातली आहे. बीपी नॉर्मल आलं की शरीराला पंधरा दिवस विश्रांती द्यावी. या गोळ्यांनी किडनी जाते. त्यापेक्षा कमी सोडियमचं मीठ आणि लसूण खावी.

मावशीने तीन आठवडे एक दिवसाआड गोळी घेतली. कोणाला बोलली नाही. तिला बरं वाटत होतं, कारण रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. उलट पायांची सूज थोडी उतरली, त्यामुळे मेसेज खराच आहे अशी तिची खात्री पटली. मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलाने सहज मशीन लावलं तर १८८ वर १०४. ती घाबरली. त्या रात्री तिने दोन गोळ्या एकदम घेतल्या, आणि कपाटातल्या डब्यात जुन्या डॉक्टरांनी दिलेली नुसत्या ॲम्लोडिपिनची स्ट्रिप पडली होती, त्यातलीही एक घेतली. सकाळी नळाचं पाणी भरायला उठली आणि जिन्याच्या तोंडाशी तिचा तोल गेला. कठड्याला हात लागला म्हणून निभावलं. मी पोहोचले तेव्हा वरचा आकडा ९४ होता.

म्हणून आधी तो एक दिवसाआडचा मुद्दा. असं गणित कोणाच्या डोक्यातून निघालं असेल याचा मी बराच विचार केला. भाजीत मीठ आणि तिखट दोन्ही पडलं म्हणून ती भाजी दोन दिवसांची होत नाही. टेल्मिसार्टन एका वाटेने काम करतं: रक्तवाहिन्या आवळायला लावणारं अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य शरीरात तयार होतं, त्याला ते आपली जागा घेऊ देत नाही. ॲम्लोडिपिन दुसऱ्या वाटेने जातं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत शिरणारं कॅल्शियम ते अडवतं आणि भिंत सैलावते. दोघांचं काम रोजचं आणि एकाच वेळी चालणारं आहे. ॲम्लोडिपिन शरीरात रेंगाळतं हे खरं, पण टेल्मिसार्टनचा जोर चोवीस तासांनी ओसरू लागतो. एक दिवसाआड घेतलं की रक्तदाब रोज खालीवर हेलकावे खातो, आणि कुठल्या दिवशी मशीन लावलं यावर आकडा ठरतो. डॉक्टरांना तो आकडा दाखवला तर त्यांना वाटतं गोळी पुरत नाही, आणि ते डोस वाढवतात.

अर्धी करण्याबद्दल. काही गोळ्यांवर मधोमध खाच असते, त्या डॉक्टरांनी सांगितलं तर अर्ध्या करता येतात. पण टेल्मिसार्टन हवेतली ओल फार पटकन ओढून घेतं. म्हणूनच ती गोळी घ्यायच्या क्षणीच पाकिटातून फोडायची असते. मावशीने अर्धे तुकडे करून स्टीलच्या डबीत भरून ठेवले होते, मुंबईच्या जुलैत, जिथे चाळीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं. ते तुकडे मी फेकून दिले. आठवड्याच्या खणांच्या प्लॅस्टिक डब्या हल्ली सगळ्यांना आवडतात. या गोळीसाठी वापरायचीच असेल तर स्ट्रिप कात्रीने कापून पाकिटासकट खणात ठेवा.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधीही घेऊ नयेत, मशीनवर १८८ दिसलं तरी. अशा वेळी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून पुन्हा मोजावं आणि डॉक्टरांना फोन करावा. त्याबरोबर छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा हातपाय जड पडले असतील तर फोनात वेळ न घालवता हॉस्पिटल गाठावं.

आता डब्यातल्या त्या जुन्या स्ट्रिपबद्दल, कारण माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डॉक्टर बदलतात, ब्रँड बदलतो, आणि पेशंट जुनी गोळी चालू ठेवून नवी सुरू करतो. नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणजे औषध वेगळं असं त्याला वाटतं. स्ट्रिप उलटी करा. मागे बारीक अक्षरांत औषधांची खरी नावं छापलेली असतात, ती वाचा. ब्रँडच्या नावामागे एएम असेल तर बहुतेक वेळा आत ॲम्लोडिपिन असतं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध असतं. पण त्या अक्षरांवर विसंबू नका, मागचंच वाचा. चष्मा सापडत नसेल तर केमिस्टकडून वाचून घ्या, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. एकच नाव दोन स्ट्रिपांवर दिसलं तर दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

'दुप्पट विष' या मुद्द्याला मी एकच मोठा दाखला देणार आहे. जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही देशाला लागतातच अशा औषधांची यादी काढते. २०१९ साली त्या यादीत रक्तदाबाच्या एकत्र गोळ्या पहिल्यांदा आल्या, आणि टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन ही जोडी त्यात नावानिशी आहे. मावशीचीच गोळी. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तर हीच संघटना म्हणते की उपचाराची सुरुवातच दोन औषधांनी करण्याचा विचार करावा, आणि शक्यतो एकाच गोळीतून. कारण साधं आहे. एका औषधाचा डोस दुप्पट केला तर रक्तदाब थोडासाच आणखी उतरतो, त्रास मात्र वाढतो. वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडलं तर ही जादा घट साधारण पाचपट मिळते, हे २००९ मध्ये ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं गेलं. शिवाय चार गोळ्यांपेक्षा एक गोळी माणूस कमी विसरतो.

पायांच्या सुजेचं मात्र मी मान्य करते. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, आणि मावशीची सूज खरी होती. तिने ती डॉक्टरांना सांगितलीच नाही, कारण दवाखान्यात गर्दी होती आणि तिला 'एवढ्याशासाठी' विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर डोस कमी करता आला असता, औषध बदलता आलं असतं. टेल्मिसार्टनसारखं औषध जोडीला असलं की ही सूज कमी येते, म्हणजे एकत्र गोळी इथेही फायद्याचीच आहे.

३४४ चा आकडाही खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच हा मेसेज लोकांना पटतो. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यातल्या ३२८ वर पुन्हा बंदी आली. त्या यादीत ढीगभर वेदनाशामकं होती, सर्दी-खोकल्याची औषधं होती, अँटिबायोटिक्सची मिश्रणं होती, मधुमेहाचीही काही होती. कारण नसताना तीन-चार औषधं एका गोळीत कोंबायची खोड आपल्या बाजाराला होती आणि बंदी योग्यच होती. पण तो आकडा उचलून सगळ्या एकत्र गोळ्यांच्या माथी मारणं ही शुद्ध फसवणूक आहे.

'बीपी नॉर्मल आलं की विश्रांती द्या.' नॉर्मल गोळीमुळे आलं आहे. गोळी काढली की काही दिवसांत ते मूळ जागी जातं. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डोस कमी होऊ शकतो, तो मोजत मोजत आणि डॉक्टरांच्या हाताने. पुढे जायला हवं.

किडनीचा मुद्दा असा एका ओळीत उडवून लावता येत नाही. किडनी खराब होण्याच्या मोठ्या कारणांत वाढलेला रक्तदाब स्वतःच आहे, आणि टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं मधुमेही माणसाची किडनी सांभाळण्यासाठी मुद्दाम दिली जातात. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते हे सांगणारा रक्तातला आकडा, किंचित वाढू शकतं, म्हणून सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सोडियम तपासायचं असतं. खरा धोका दुसरीकडेच आहे. गुडघा दुखतो म्हणून मावशी समोरच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खायची, चिठ्ठीशिवाय. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं रक्तदाब वाढवतात, आणि टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारी गोळी दोन्ही चालू असताना घेतली तर किडनीवर तिहेरी भार पडतो. पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, तरीही हाच धोका. त्या दिवशी गोळी घ्यायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून विचारा. नाक चोंदल्यावर घ्यायच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, तेही रक्तदाब चढवतं. केमिस्टकडे काहीही मागताना 'मला बीपीची गोळी आहे' हे वाक्य आधी बोला.

मिठाचा सल्ला तर थेट धोकादायक आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन शरीरातलं पोटॅशियम वाढवतं. किडनी थोडी जरी कमी चालत असेल तर दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. चीनमध्ये ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असल्या मिठाने पक्षाघात कमी झाले, हे खरं आहे, पण गंभीर किडनीविकाराच्या लोकांना त्यात घेतलंच नव्हतं. आधी रक्त तपासा, मग मीठ बदला. सैंधवाबद्दलही विचारतात. तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. लोणचं, पापड, फरसाण कमी करा, त्याने रक्तदाब खरंच उतरतो. लसणीची चटणी खुशाल खा, गोळीच्या जागी नको.

ज्यांच्या गोळीत लघवीचं औषध आहे ते लोकलच्या दीड तासाच्या प्रवासाच्या भीतीने सकाळची गोळी गाळतात, हे मी रोज ऐकते. वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

आता मावशी रोज सकाळी चहानंतर गोळी घेते, महापालिकेच्या आपला दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घेते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. कालचा १३४ वर ८२ होता. जुनी स्ट्रिप मी घेऊन आले.

परवा तो मेसेज मला पुन्हा आला, माझ्या मावसबहिणीकडून. ती ३३ वर्षांची आहे, तिलाही बीपी निघालं आहे, आणि मावशीचीच गोळी चांगली म्हणून ती तीच स्ट्रिप आणून घेते. सहा दाव्यांच्या त्या मेसेजमध्ये या गोळीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची सूचना कुठेच नाही: टेल्मिसार्टनने पोटातल्या बाळाला गंभीर इजा होते, गर्भारपणात ते घ्यायचं नसतं, आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यायचं असतं. ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतरचं बोलत आहेत. मी तिला तेव्हाच फोन केला. उद्या संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघी डॉक्टरांकडे जातो आहोत.