कानाला दडे बसतात तेव्हा

पुण्यातील एका ढोल-ताशा पथकात मी अकरा वर्षे ताशा वाजवला. सरावाला निघताना बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची, पट्टा तपासायचा, पिशवीत जादा काड्या टाकायच्या, ही तयारी आम्ही सगळेच न चुकता करत असू. कानांसाठी मात्र काहीच नसे. फार तर विसर्जनाच्या दिवशी कोणीतरी घरून वातीचा कापूस आणायचा आणि त्याचे बोळे आम्ही कानात खुपसायचो. सराव आटोपून घरी आल्यावर कानाला दडे बसलेले असत, आई काय म्हणते ते दोनदा विचारावे लागे, आणि सकाळी दडे सुटले की विषय संपला असे आम्ही धरून चालत असू. चार वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दडे सुटले, पण त्यांच्याबरोबर आलेली बारीक शिट्टी गेली नाही. ती अजून आहे, आणि हे लिहीत असतानाही वाजते आहे.

श्रवणचाचणीसाठी त्या बंद खोलीत बसलो तेव्हा पहिला फजितीचा प्रसंग घडला. हेडफोनमधून आवाज आला की हातातले बटण दाबायचे होते. खालच्या पट्टीतले आवाज सरळ गेले. वरच्या पट्टीत गेल्यावर मात्र यंत्राचा आवाज कोणता आणि माझ्या कानातला कोणता, हेच मला कळेना, आणि मी आवाज नसतानाही बटण दाबू लागलो. शेवटी तपासणाऱ्या ताईंनी सलग स्वराऐवजी तुटक स्वर लावले, तेव्हा कुठे चाचणी पूर्ण झाली. आलेखाची रेघ वरच्या पट्टीतल्या ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरून पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही नेहमीची खूण आहे, असे त्यांनी सांगितले. या भागातले ऐकणे कमी झाले की माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द उलगडत नाही. ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण आधी निसटतात. मंडईत भाजीवाल्या मावशी ‘साठ’ म्हणाल्या आणि मी ‘आठ’ ऐकून दहाची नोट पुढे केली, याचे कारण मला त्या दिवशी उमगले.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः आवाजाची कंपने टिपणाऱ्या साधारण १५,००० केशपेशी असतात. सस्तन प्राण्यांमध्ये त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आली. मोठ्या आवाजानंतर त्या उंदरांची ऐकण्याची क्षमता काही दिवसांत पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या, पण त्या पेशींना मेंदूकडे आवाज नेणाऱ्या श्रवणचेतेशी जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटलेले आढळले. म्हणजे दडे सुटणे हा कान बरा झाल्याचा दाखला नव्हे. आणि कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू जणू स्वतःच आवाज वाढवून पाहतो. टिनिटसचे, म्हणजे कानातल्या या शिट्टीचे, आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले स्पष्टीकरण हे असे आहे.

आपल्याकडे आवाजाचा विषय निघाला की दोन मिनिटांत तो ‘डीजे वाईट, पारंपरिक वाद्ये चांगली’ या वळणावर जातो. मला स्वतःला डीजेचा तिटकारा आहे, हे कबूल करतो. परंतु कानाला परंपरा समजत नाही, त्याला डेसिबल आणि वेळ एवढेच समजते. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास हा दिवसाचा कोटा आहे, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये हा कोटा पंधरा मिनिटांत संपतो. लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीत १०० च्या वरच्या नोंदी झालेल्या आहेत, आणि त्या रस्त्यावर आम्ही तासन्‌तास वाजवत असू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, तसेच वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला सवलत देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. पण सवलत घड्याळाला मिळते, अंतर्कर्णाला मिळत नाही.

कापसाच्या बोळ्याने आवाज जेमतेम काही डेसिबल कमी होतो आणि उलट संरक्षण घेतल्याचा भ्रम होतो. फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात, मात्र ते नीट घालावे लागतात. समईची वात वळावी तसा तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटला, तर तो बहुधा नीट बसला. वादकांची तक्रार असते की फोममुळे काडीचा कडकपणा कळत नाही, आणि ती खरी आहे, कारण फोम वरचे स्वर जास्त दाबतो. त्यासाठी सर्व पट्ट्यांत साधारण सारखी घट करणारे, फिल्टर बसवलेले वादकांचे प्लग मिळतात. लहान मुलांच्या कानात प्लग नीट बसत नाहीत, त्यांना कानांवर बसणारे मफ लागतात. मात्र बाळाला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या बापाला मफपेक्षा दुसऱ्या गल्लीची गरज अधिक आहे.

शिट्टी सुरू झाल्यावर मी दुसरे टोक गाठले. घरात, बसमध्ये, अगदी ग्रंथालयातही प्लग घालून बसू लागलो. दोन महिन्यांत ताटवाटीचा आवाजही टोचू लागला आणि शिट्टी अधिकच ठळक झाली. नेहमीच्या आवाजांपासूनही कान तोडले की मेंदू आणखी हळवा होतो, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा प्लग गोंगाटापुरते ठेवले. आता रात्रीच्या शांततेत शिट्टी ठळक वाटू नये म्हणून पंखा थंडीतही हळू लावतो. जागरण झाले की शिट्टी चढते, हा माझा अनुभव आहे. ती कायमची घालवणारे औषध आज नाही. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राचा, आणि शिट्टीचा जाच मनाला होत असल्यास विचार-वर्तन उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो. घरोघरी सुचवले जाणारे लसणाचे कोमट तेल कानात घालून उपयोग नाही, कारण बिघाड पडद्याच्या पुष्कळ पलीकडे असतो.

एकाच कानात शिट्टी असेल किंवा ती नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, आणि अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे, कारण तेथे स्टिरॉइडचा उपचार लवकर सुरू होण्याला महत्त्व असते. जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन अशी काही औषधे कानांना इजा करू शकतात. ती परस्पर बंद करू नयेत, पण आपल्याला टिनिटस आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

यंदा मी ताशा सोडून ध्वज घेतला आहे. सरावाच्या पहिल्या दिवशी नदीपात्रात प्लगचा डबा घेऊन उभा होतो. एका नव्या मुलाने जोडीतला एक प्लग मला परत केला आणि म्हणाला, “दादा, एक पुरे. दुसऱ्या कानाने ताल ऐकतो.” मी त्याला माझा चाचणीचा आलेख मोबाइलवर दाखवला. त्याने तो खड्डा बोटाने मोठा करून पाहिला, दुसरा प्लग घेतला, आणि तो वळायचा कसा ते विचारले.