आठ वाजले म्हणून कोणी बाहेर पडत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या लॅब सांभाळणाऱ्यांत एक सल्ला फिरतोय: ‘लिनक्स मशिनवर रात्री आठनंतर विद्यार्थी नको असतील तर टाइम डॉट कॉन्फमध्ये एक ओळ टाका, आठ वाजता सगळे आपोआप बाहेर. फक्त एसएसएचची किल्ली वापरणाऱ्यांना हे लागत नाही.’ (टाइम डॉट कॉन्फ ही लॉगिनच्या वेळांचे नियम ठेवणारी फाइल; एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशिनवरून लॉगिन, आणि किल्ली म्हणजे त्यासाठी पासवर्डाऐवजी वापरायची फाइल.) सल्ल्यातला पहिला भाग अर्धवट आहे, उरलेले दोन चूक.

‘एक ओळ टाका.’ नुसत्या ओळीने काहीच होत नाही. ती फाइल वाचतं पाम-टाइम हे मॉड्यूल (पाम म्हणजे लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा), आणि ते ज्या त्या सेवेच्या पाम फाइलीत ‘अकाउंट’ गटात, म्हणजे खात्याला आत येण्याची मुभा आहे का हे बघणाऱ्या टप्प्यात, जोडावं लागतं. डेबियन या लिनक्समध्ये लॉगिनच्या फाइलीत ती जोडणारी ओळ आधीपासून आहे, फक्त पुढचा हॅश (#) काढायचा. एसएसएचडी (एसएसएचची सेवा) आणि जीडीएम-पासवर्ड (ग्राफिकल लॉगिन) यांच्या फाइलींत मात्र ती हाताने घालावी लागते. बहुतेक जण लॉगिन तेवढं करतात. मग काळ्या टर्मिनलवर बंदी लागते आणि ग्राफिकल स्क्रीनवरून पोरं रात्री अकरालाही आत शिरतात.

टाइम डॉट कॉन्फच्या ओळीत अर्धविरामाने तोडलेले चार रकाने असतात: सेवा, टर्मिनल, यूजर, वेळ. जुळणारा नियमच सापडला नाही तर प्रवेश मिळतो, म्हणजे सेवेचं नाव चुकलं की दार सताड उघडं. खरी गोम पुढे आहे. सकाळची आणि संध्याकाळची बॅच म्हणून एकाच यूजरसाठी दोन ओळी लिहिल्यात तर जुळणारी प्रत्येक ओळ पाळावी लागते. ०८००-१२०० आणि १६००-२००० या दोन्हींत बसणारी वेळ घड्याळात नाही, त्यामुळे यूजर दिवसभर बाहेर. दोन्ही वेळा एकाच रकान्यात, मध्ये उभी रेघ (|) देऊन लिहायच्या.

महापे-ऐरोलीच्या रात्रपाळीवाल्यांनी आणखी एक बघावं. वेळेच्या रकान्यात डब्ल्यू-के म्हणजे सोमवार ते शुक्रवार, आणि २२००-०६०० ही वेळ सुरुवातीच्या वाराची धरली जाते. शुक्रवारी रात्री आलेला शनिवारी पहाटेही लॉगिन करू शकतो. रविवारी रात्री आलेल्याला सोमवारी पहाटे एक वाजता नकार मिळतो.

वेळ मशिनच्या घड्याळाची. मशिन यूटीसी या जागतिक वेळेवर राहिलं असेल तर ०८००-२००० म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड ते रात्री दीड. आधी टाइमडेटसीटीएल कमांडने आशिया/कोलकाता ही वेळ लावा.

‘आठ वाजता आपोआप बाहेर.’ नाही. पाम-टाइम फक्त दारात विचारतं. ७.५८ ला आत आलेला सकाळपर्यंत बसू शकतो. बाहेर काढायला रूटच्या (मुख्य अॅडमिन खात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, वेगळं काम लागतं: १९.५० ला वॉल कमांडने सगळ्यांच्या टर्मिनलवर सूचना, २०.०५ ला प्रत्येक विद्यार्थी-खात्यावर लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर ही कमांड. डेस्कटॉपवर बसलेल्याला वॉलची ओळ सहसा दिसत नाही, तेव्हा लॅब असिस्टंटने हाळी द्यावी हे उत्तम.

सातलाच लॉगआउट करून टीमक्स किंवा नोहपमध्ये (लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारी साधनं) काम मागे ठेवणारे असतातच. लॉगिनडी या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेच्या कॉन्फमध्ये किल-यूजर-प्रोसेसेस ‘येस’ केलं की लॉगआउटबरोबर तेही जातं. पण रात्रभर चालणारं प्रोजेक्टचं सिम्युलेशनही जातं. त्यासाठी नियमाबाहेरचं वेगळं खातं द्या. सगळ्यांसाठी सूट ठेवलीत तर नियमाला अर्थच उरत नाही. क्रॉन आणि अॅटने (एकदाच चालायचं काम लावणारी कमांड) रात्री दोनचं काम लावता येतं ही पळवाटही बुजवा: दोन्हींच्या ‘अलाउ’ फाइली करून त्यात मोजकी नावं ठेवा.

‘किल्लीवाल्यांना लागत नाही.’ किल्लीने ओळख पटली की पामचा पासवर्डाचा टप्पा वगळला जातो, हे खरं. अकाउंटचा टप्पा मात्र चालतो, फक्त एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये यूज-पाम ‘येस’ हवं. मूळ ओपन-एसएसएचमध्ये ते ‘नो’ असतं, म्हणून स्वतः कंपाइल केलेल्या मशिनवर खात्री करा. टर्मिनलच्या रकान्यात ‘टीटीवाय’ने सुरू होणारी नावंच दिली असतील तरी एसएसएच सुटतं, कारण तिथे टर्मिनलचं नाव नुसतं ‘एसएसएच’ जातं. त्या रकान्यात तारा (*) टाका.

बदल करताना रूटचं एक टर्मिनल उघडं ठेवा आणि पाच मिनिटांनी वेळ संपेल असा नियम एका चाचणी खात्यावर लावा. मुदतीआधी एकदा, नंतर एकदा, तिन्ही दारांनी लॉगिन करून बघा: लॉगिन, एसएसएच, जीडीएम.