टेप खाली सरकतेय

आमच्या सॉफ्टवेअर टीमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, २१४ तिकिटं होती, एक तिकीट म्हणजे नोंदवलेलं एक काम. त्यातली किती जिवंत आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, काही तर अशा लोकांनी टाकलेली जे कधीच कंपनी सोडून गेलेत, पण डिलीट करायची हिंमत कुणाची होत नाही, उगाच उद्या लागलं तर. त्यातनं रिलीज प्लॅनिंग, म्हणजे पुढच्या खेपेला काय बाहेर काढायचं ते ठरवणं, कसं व्हायचं, तर पीओ म्हणजे आमचे प्रॉडक्ट ओनर, काय बनवायचं ते ठरवणारे, यादी वरून खाली वाचत जायचे आणि प्रत्येक तिकिटाला म्हणायचे, "हे तर लागणारच." २१४ वेळा "हे तर लागणारच" ऐकलं की माणसाला वैराग्य येतं.

तर एक दिवस आमची स्क्रम मास्टर, म्हणजे टीमचं काम नि मीटिंगा सुरळीत चालवणारी, म्हणाली की आपण यूजर स्टोरी मॅपिंग करूया, म्हणजे यूजर काय काय करतो त्याची गोष्ट चिठ्ठ्यांनी भिंतीवर मांडूया. पूर्ण दिवस, लॅपटॉप बंद, एक रिकामी भिंत. लॅपटॉप बंद म्हटल्यावर आमच्यातल्या दोघांचा चेहरा ऑक्सिजन काढून घेतल्यासारखा झाला.

ह्यामागचा माणूस जेफ पॅटन. त्याने २००८ मध्ये लिहिलं होतं की बॅकलॉग हा नकाशा असायला हवा, सपाट यादी नको, कारण यादीत तुकडे दिसतात पण गोष्ट दिसत नाही. हे वाचून मला गहिवरून आलं होतं. त्याच्या भिंतीपाशी आमचे पीओ उभे नव्हते हा भाग वेगळा.

सुरुवातीला सराव. आज सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत काय काय केलंत ते लिहा, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. आमच्या बॅकएंडवाल्याने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, 'उठलो' आणि 'निघालो'. टेस्टरने एकतीस लिहिल्या, त्यात 'गजर वाजलाच नाही तर' ही पण होती. मग सगळ्या चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे क्रमाने लावायच्या, सारख्या असतील त्या एकाखाली एक. आणि मग स्क्रम मास्टर म्हणते, आता समजा उशिरा जाग आलीय, हातात पाचच मिनिटं आहेत, काय ठेवाल? सगळ्यांनी एका आवाजात आंघोळ सोडून दिली. आमच्या टीमचं हे पहिलं एकमत. त्या दिवसातलं शेवटचंही.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. स्टिकी नोट गठ्ठ्यातून खालून वर ओढून काढायची नाही, तशी काढली की ती वळते आणि भिंतीवर लावली की नाक वर करून बसते. एका बाजूने आडवी सोलायची, मग सपाट बसते. हे मला चाळीस चिठ्ठ्या वाया घालवल्यावर कळलं. त्या दिवसाच्या शेवटी हातात आलेलं हे एकमेव पक्कं कौशल्य. बाकी तो गोंद मुळातच कच्चा, १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर नावाचा केमिस्ट जबरदस्त चिकटणारा गोंद करायला गेला आणि झाला हा अर्धवट चिकटणारा, म्हणजे ठरवलं एक आणि डिलिव्हर झालं भलतंच. आमच्या क्षेत्राला इतकी शोभणारी स्टेशनरी दुसरी नाही.

मग खरा नकाशा. आमचं अ‍ॅप डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायचं. सगळ्यात वरच्या ओळीत यूजर काय काय करतो ते मोठे टप्पे, त्याला बॅकबोन म्हणतात, म्हणजे पाठीचा कणा. डॉक्टर शोधणे, वेळ निवडणे, बुक करणे, जाऊन दाखवणे, पैसे भरणे. प्रत्येकाखाली बारीकसारीक कामं, जितकं गरजेचं तितकं वर, हौसेचं तितकं खाली. आर्किटेक्टने कण्यात सरळ 'मायक्रोसर्व्हिसेस' अशी चिठ्ठी लावली, म्हणजे प्रोग्रॅमचे आतले सुटे तुकडे. यूजर हे करतो का, असं विचारलं तर म्हणे, "यूजर करत नाही, पण त्याचं त्यावाचून अडतं." ती चिठ्ठी शेवटी खिडकीच्या काचेवर गेली, तिथून तिने सगळा दिवस आमच्याकडे बघितलं.

रॉन जेफ्रीज ह्या सॉफ्टवेअरवाल्याने २००१ मध्ये यूजर स्टोरीचे, म्हणजे यूजरला हव्या असलेल्या एकेका गोष्टीचे, तीन सी सांगितलेत, कार्ड (म्हणजे आपली चिठ्ठी), कॉन्व्हर्सेशन आणि कन्फर्मेशन. कार्डाचं काम फक्त बोलणं सुरू करून द्यायचं, असा अर्थ. आमच्याकडे दुपारपर्यंत कार्डं १३२ झाली, कॉन्व्हर्सेशन तर शेजारच्या मीटिंग रूममधून दोनदा भिंत ठोकण्याइतकं झालं, आणि कन्फर्मेशन आजतागायत कुणी दिलेलं नाही.

पण मग एक गंमत झाली, आणि ह्यासाठी तरी मी त्या पॅटनला दंडवत घालतो. नकाशा झाला की तो मोठ्याने चालून बघायचा, एकाने पेशंट व्हायचं आणि बाकीच्यांनी नुसतं "मग?" म्हणायचं. टेस्टर पेशंट झाली. डॉक्टर शोधला. मग? वेळ निवडली. मग? बुक केलं, मेसेज आला. मग? क्लिनिकला गेले. मग? रिसेप्शनिस्टला म्हटलं माझी अपॉइंटमेंट आहे. मग? टेस्टर भिंतीकडे बघतेय, आम्ही भिंतीकडे बघतोय, आणि भिंत कोरी. रिसेप्शनिस्टला कळणार कसं की ही बाई येणार आहे? तिच्यासाठी स्क्रीन नाही, मेसेज नाही, एक चिठ्ठी नाही. २१४ तिकिटांत ती कुठेच नव्हती. चार महिने आम्ही रोज सकाळी उभं राहून मीटिंग केली आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि लॉगिनखाली मात्र नऊ चिठ्ठ्या, त्यातली एक पासवर्ड दाखवणाऱ्या डोळ्याच्या चित्राची. ती माझी होती.

आता रिलीजचे काप. भिंतीवर आडवी टेप लावायची, टेपच्या वरचं पहिल्या रिलीजला, खालचं नंतर. पहिला काप अगदी बारीक, पण डावीकडून उजवीकडे अख्खी गोष्ट पार पडली पाहिजे, ह्याला अ‍ॅलिस्टर कॉकबर्न ह्या सॉफ्टवेअरवाल्याचा शब्द आहे वॉकिंग स्केलेटन, चालता सांगाडा. मांस नंतर चढवा. निळी टेप लावली, वर बरोबर सात चिठ्ठ्या राहिल्या, रिसेप्शनिस्टची धरून. पीओ मागे सरकले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "एवढंच?"

मला वाटलं आता ते खालच्या चिठ्ठ्या उचलून वर लावतील आणि आपण भांडू. पण तो माणूस मुरलेला. त्यांनी एकाही चिठ्ठीला हात लावला नाही, टेप सोलली आणि वीतभर खाली चिकटवली. "मी स्कोप वाढवला नाहीये हां, फक्त रेषा जरा नीट केली." स्कोप म्हणजे ह्या रिलीजला करायचं काम. आम्ही पाणी प्यायला गेलो, आलो तर टेप अजून खाली. तारीख मात्र जागची हलेना, कारण ती क्लायंटला आधीच सांगून झाली होती. संध्याकाळपर्यंत सहा वेळा जागा बदलून टेप गुडघ्याशी आली, तेव्हा दमून जमिनीवर बसलेली टेस्टर म्हणाली की आता स्कोपबाहेर फक्त कार्पेट राहिलंय.

पुढचं थोडक्यात. भिंतीचा फोटो काढला आणि १३२ कार्डं बॅकलॉगच्या टूलमध्ये टाईप केली, कुणी ते विचारू नका. टूलमध्ये त्यांची परत यादी झाली, आणि प्रायॉरिटी आपोआप 'हाय'.

तारीख आली. टेपच्या वरचं जे जे होतं त्यातलं शेवटी बाहेर पडलं ते पहिल्या रेषेवरच्या सात चिठ्ठ्या. आणि पासवर्डचा डोळा, कारण तो मी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता, म्हटलं छोटं काम आहे, होऊन जाईल.

परवा अ‍ॅडमिनचा सगळ्यांना मेल आला. टेप काढली तिथे तिथे भिंतीचा रंग सोलून निघालाय, एकाखाली एक सहा आडव्या पांढऱ्या रेषा, ह्या कोणी काढल्या आणि का. पीओंनी लगेच उत्तर दिलंय. म्हणतात, सगळ्यात वरची टीमची आहे.