पंधराव्या वर्षी लिहिलेलं पुस्तक

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहराच्या उत्तर भागात एक लहानसं घर आहे. १९८२ साली तिथे एका सिनेमाचं चित्रीकरण झालं, पुढे घर पार मोडकळीला आलं, आणि दुरुस्त होऊन २०१९ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. लेकीला घेऊन गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तो सिनेमा ज्या पुस्तकावरून निघाला, ते तिचं शाळेत नुकतंच वाचून झालं होतं. आत शिरल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "आई, तिने लिहायला घेतलं तेव्हा ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होती."

ती म्हणजे सुझन एलोईज हिंटन. जन्म १९४८, गाव हेच. तिच्या शाळेत मुलांचे दोन तट होते, श्रीमंत घरचे आणि गरीब वस्तीतले. सिनेमा बघून घरी परतणाऱ्या तिच्या एका मित्राला वाटेत मारहाण झाली, त्या संतापात ती लिहायला बसली. वय पंधरा. लिहिणं चालू असतानाच वडील ब्रेन ट्यूमरने आजारी पडले आणि गेले. त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी', म्हणजे जेमतेम पास होण्याची श्रेणी मिळाली. १९६७ मध्ये 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलंय म्हणून पुरुष समीक्षक ते गांभीर्याने घेणार नाहीत अशी प्रकाशकांना धास्ती होती, म्हणून मुखपृष्ठावर नाव आलं ते एस. ई. हिंटन.

हे सगळं आठवण्याचं कारण साताऱ्याहून येणारे घरचे फोन. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा दादाने रात्री उठवून सांगितलं आणि आम्ही दोघेही भरून आलेल्या आवाजात बोललो. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि गदारोळानंतर जूनअखेर मागे घेतला गेला. त्या दोन महिन्यांत घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. मी दादाच्याच बाजूची होते, आजही आहे. पण प्रत्येक वेळी चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: "आजकालची मुलं मराठी वाचतच नाहीत." आणि मी काही म्हणू गेले की, "तू तिकडे बसून बोलू नकोस."

दादा, तिकडे बसूनच बोलते, कारण इथे माझ्याच घरात हा प्रश्न रोज जेवायला असतो. लेक दर रविवारी ऑनलाइन मराठी शाळेत बसते. अक्षरं येतात, जोडाक्षरांशी थोडी झटापट होते. पण तिच्या हातात काय द्यायचं? सोपी मराठी असलेली पुस्तकं ससा-कासवाची आणि तिच्या वयाचं मन असलेली पुस्तकं मोठ्यांच्या मराठीतली. तेरा वर्षांची मुलगी सशाची गोष्ट का वाचेल?

आपल्याकडे काही नाही असं मी म्हणत नाही. 'श्यामची आई' वाचून मी रडले आहे. फास्टर फेणेच्या मागे सायकलवरून पुणं मीही पालथं घातलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' मी इकडे येताना बॅगेत घालून आणली. पण नीट पाहिलं तर साने गुरुजींनी श्याम लिहिला तो तिशी ओलांडल्यावर, तुरुंगात. संतांचा 'वनवास' १९९४ चा, म्हणजे लेखकाच्या पन्नाशीनंतरचा. 'शाळा' २००४ ची, गोष्ट आणीबाणीच्या काळातली. ही सगळी मोठ्या माणसांनी मागे वळून पाहिलेली पोरवयं आहेत. फार सुंदर आहेत, पण त्यांत आठवणीचा गोडवा मुरलेला आहे. आत्ता पंधरा वर्षांची असलेली मुलगी ज्या रागात, ज्या भीतीत आहे, तो राग थंड व्हायच्या आत कागदावर आलेला मला मराठीत फारसा वाचायला मिळालेला नाही.

आणि ज्या भाषेच्या अभिजातपणाचा आपण अभिमान बाळगतो, तिचा सर्वांत लाडका ग्रंथ एका पोराने रचला. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. ज्ञानदेवांचं जन्मसाल १२७५ धरलं तर वय पंधरा. त्यांना आपण माउली म्हणतो, म्हणून त्यांचं वय विसरतो. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीने चार पानं लिहिली तर आधी शुद्धलेखन तपासतो, मग विचारतो, यातून काय बोध घ्यायचा? आणि घरातलं भांडण किंवा एखादा मुलगा आवडल्याचं त्यात आलं, तर वही गायबच होते. माझी झाली होती. वर्गशिक्षकांनी ती घरी पाठवली आणि आईने बंबात घातली. तिचा दोष नाही, तिला तेच बरोबर वाटलं. पण पुढची वीस वर्षं मी काही लिहिलं नाही.

इथे सगळं सुरळीत आहे असंही नाही. ज्या पुस्तकाचं आज संग्रहालय आहे, तेच १९९० च्या दशकात शाळा-ग्रंथालयांतून काढून टाका अशी मागणी झालेल्या पहिल्या शंभर पुस्तकांच्या यादीत होतं. मारामारी, दारू, मोडकी घरं, हीच तक्रार. 'संस्कार' हा शब्द इथल्या पालकांना माहीत नसेल, काळजी तीच आहे. फरक पडतो तो शाळेच्या ग्रंथपालामुळे. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या एका शाळेतल्या ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या सह्या घेऊन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र धाडलं, यावर सिनेमा काढा म्हणून. १९८३ मध्ये तो आला. माझ्या शाळेतही ग्रंथालय होतं, एक कुलूपबंद कपाट, किल्ली मुख्याध्यापकांकडे.

हिंटनची पुढची वाट सोपी नव्हती. पहिल्या पुस्तकाच्या यशानंतर तिला लिहिणंच जमेना. शेवटी मित्राने, जो पुढे नवरा झाला, अट घातली: रोज दोन पानं झाल्याशिवाय फिरायला जायचं नाही. रोज दोन पानं करत १९७१ मध्ये दुसरी कादंबरी आली. कुमारवयीनांसाठी तिने एकूण पाचच कादंबऱ्या लिहिल्या, १९६७ ते १९८८. त्याच वर्षी, १९८८ मध्ये, कुमारवाचकांसाठीच्या लेखनाचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार सुरू झाला आणि पहिला तिला मिळाला.

म्हणून दादाला मी सांगितलं की मुलं वाचत नाहीत ही चर्चा जरा बाजूला ठेव आणि घरातल्या पोरीला विचार, ती काही लिहिते का. तो म्हणाला, "ती कुठली लिहितेय?" दोन दिवसांनी पुतणीने मला तीन पानांचे फोटो पाठवले, वहीच्या मागच्या बाजूने लिहिलेली, खाडाखोड केलेली. एवढं सांगायची परवानगी तिने दिली आहे, गोष्ट कशाची आहे ते सांगायची नाही. लेकीने ती फोन तोंडाजवळ धरून अक्षर लावत लावत वाचली. तीन पानांना तिला सव्वा तास लागला, आणि एकदाही ती मध्येच उठली नाही. शेवटी तिने मला एकच विचारलं, चौथं पान कधी येणार. मी पुतणीला तसं कळवलंय. तिची सहामाही चालू आहे, रविवारपर्यंत थांबा म्हणाली.